धूर कुणाचा आणि हिशोब कुणाच्या नावावर?

पर्यावरणाचा विषय काढला की आपल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते, "हे भरल्या पोटाचे विषय आहेत." या वाक्यामागचा राग आम्हाला मान्य आहे. ज्या वस्तीला नळाच्या पाण्यासाठी मोर्चा काढावा लागतो, त्या वस्तीला पृथ्वीच्या तापमानाची गोष्ट सांगायला येणारा माणूस बहुतेक वेळा एकटाच मोठ्या गाडीतून येतो आणि वस्तीत प्लास्टिक किती साठले आहे यावर भाषण देऊन निघून जातो. राग बरोबर आहे, पण त्यातून आपण काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. कार्बनची वही सरकारने उघडलेली आहे. ती लिहिताना आपल्याला कुणी विचारले नाही, आणि आपण पाठ फिरवली म्हणून ती बंदही होणार नाही. उद्या या वहीच्या आधारावर निधी येणार, रस्ते ठरणार, जमिनी दिल्या-घेतल्या जाणार, वस्त्या हलवल्या जाणार. म्हणून सातारा-सांगलीतल्या आपल्या पोरांनी ही वही वाचायला शिकलेच पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे.

आधी घडले काय ते पाहू. राज्य सरकारने २ ऑक्टोबर २०२० ला 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केले. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशा पंचतत्त्वांच्या नावाने शहरांना आणि गावांना गुण द्यायचे, बक्षिसे द्यायची. (विज्ञानाच्या कामाला पंचतत्त्वांची नावे का लागतात, हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवतो.) पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातली 'अमृत' योजनेतली ४३ शहरे 'रेस टू झिरो' या जागतिक मोहिमेत सामील झाली. सांगली-मिरज-कुपवाड आणि सातारा ही दोन्ही अमृत शहरे. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेने आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यात २०१९ सालचे मुंबईचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन, म्हणजे माणशी १.८ टन धरले आहे. त्यातले सुमारे ७२ टक्के ऊर्जेचे, २० टक्के वाहतुकीचे आणि ८ टक्के कचऱ्याचे. २०५० पर्यंत हा आकडा निव्वळ शून्यावर आणायचे उद्दिष्ट आहे. मुंबईत जे आज ठरते ते आपल्याकडे दहा वर्षांनी येते, एवढा अनुभव आपल्याला आहे.

मोजणीची रीत अवघड नाही, दहावीचे गणित पुरते. शहराच्या मधोमध यंत्र लावून कार्बन मोजत नाहीत. हवेची गुणवत्ता मोजणारी यंत्रे वेगळी, ती धूळ आणि विषारी वायू मोजतात. कार्बनचा हिशोब कागदावर होतो. शहरात वर्षभरात किती युनिट वीज वापरली, किती लिटर पेट्रोल-डिझेल जळले, किती सिलिंडर लागले, किती टन कचरा कुजला, हे गोळा करायचे आणि प्रत्येकाला त्याच्या गुणांकाने गुणायचे. आपल्या देशातल्या ग्रिडची एक युनिट वीज म्हणजे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. हा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जाहीर करते. पेट्रोलचा एक लिटर म्हणजे सुमारे २.३ किलो, डिझेलचा सुमारे २.७ किलो. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर म्हणजे साधारण ४२ किलो. कचऱ्यातून निघणारा मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट उष्णता धरतो, म्हणून त्याला तेवढ्याने गुणायचे. संपली रीत. २०१४ मध्ये वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट, सी-४० आणि इक्ली या संस्थांनी शहरांसाठी याची नियमावली तयार केली. शहराच्या हद्दीत जे जळते ते 'स्कोप १', बाहेरून आलेली वीज 'स्कोप २', आणि शहरामुळे हद्दीबाहेर जे घडते ते 'स्कोप ३'.

गुणाकार सोपा आहे, राजकारण गुणाकाराच्या आधी घडते. काय मोजायचे, कुणाच्या हद्दीत धरायचे आणि शेवटी कितीने भागायचे, हे कोण ठरवतो?

हद्दीपासून सुरुवात करू. साताऱ्याला चिकटून पुणे-बंगळूर महामार्ग जातो. वाहतुकीचे उत्सर्जन मोजायची एक मान्य पद्धत म्हणजे शहरातल्या पंपांवर विकले गेलेले इंधन मोजणे. ही पद्धत घेतली तर पुण्याहून बंगळूरला चाललेल्या ट्रकने साताऱ्यात टाकी भरली की त्याचा धूर सातारकरांच्या नावावर. दुसरी पद्धत घेतली आणि फक्त शहरवासीयांचा प्रवास मोजला, तर हाच आकडा झपाट्याने खाली येतो. दोन्ही पद्धती नियमावलीत बसतात. त्यात २०२० मध्ये साताऱ्याची हद्दवाढ होऊन शाहूपुरी, विलासपूरसारखे भाग पालिकेत आले. एका अधिसूचनेने शहराचे उत्सर्जन कागदावर वाढले, एकही जादा चूल पेटली नाही.

सांगलीत उलटे घडते. कृष्णाकाठच्या वीटभट्ट्या बहुतांश महापालिकेच्या हद्दीबाहेर. वीट सांगलीच्या अपार्टमेंटला लागते, भट्टीचा धूर मात्र ग्रामपंचायतीच्या आकाशात आणि भट्टीवर राबणाऱ्या कुटुंबाच्या छातीत. सिमेंटचेही तेच. सांगलीत सिमेंट तयार होत नाही, म्हणून सिमेंटचा कार्बन सांगलीच्या मूळ हिशोबात येत नाही. विजेच्या बाबतीत निदान कागदावर तरी न्याय आहे, कारण 'स्कोप २' मध्ये कोळशाची वीज वापरणाऱ्या शहराच्या नावावर कार्बन चढतो. पण चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राशेजारी राहणाऱ्या माणसाच्या घरात पडणारी राख कुणाच्याच नावावर चढत नाही. कार्बनचा हिशोब हा कार्बनचाच हिशोब आहे. राख, धूळ, दमा, खोकला यांना त्यात रकाना नाही. कार्बन कमी झाला म्हणजे वस्तीची हवा सुधारली, असे कुणी सांगू लागला तर त्याला हा फरक विचारावा.

आता चुलीकडे येऊ, कारण या सगळ्या प्रकरणात आम्हाला सर्वात जास्त खटकणारी गोष्ट चुलीची आहे. लाकूड जाळले की निघणारा कार्बन डायऑक्साइड शहराच्या बेरजेत धरत नाहीत. झाड पुन्हा वाढते, कार्बन परत शोषला जातो, असे गृहीत धरून त्याची नोंद वेगळ्या रकान्यात होते. शास्त्र म्हणून यात तथ्य आहे. पण त्याचा परिणाम बघा. जी बाई आजही सरपण गोळा करून चुलीवर भाकरी थापते, तिचे घर या वहीत जवळपास शून्य कार्बनचे, आदर्श घर ठरते. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजना आली, तिला सिलिंडर मिळाला, तिचे डोळे चुरचुरायचे थांबले, आणि त्या क्षणी वहीत प्रत्येक सिलिंडरमागे ४२ किलो वाढले. वस्तीचे उत्सर्जन वाढले असा आलेख कुणी दाखवला तर तो खोटा नसतो. त्यात एका बाईची धुरातून झालेली सुटका दडलेली असते, ती आलेखावर दिसत नाही. आणि सिलिंडर परवडत नाही म्हणून ती पुन्हा चुलीकडे वळली की आलेख परत खाली येतो, शहर पुन्हा 'हरित' होते!

त्याच वेगळ्या रकान्यात आणखी एक पाहुणा बसलेला आहे, साखर कारखान्यातला चोथा. उसाचा चोथा जाळून तयार होणारी सहवीज अक्षय ऊर्जा म्हणून मोजली जाते आणि विकली जाते. सातारा-सांगलीच्या साखर पट्ट्यात हे काही लहान प्रकरण नाही. म्हणजे जैवभार जाळण्याचा नियम कारखान्याला आणि चुलीला सारखाच लागतो, पण कारखान्याला त्यातून 'हरित वीज' हे नाव आणि पैसे मिळतात, चुलीपुढच्या बाईला खोकला मिळतो. ऊस तोडणाऱ्या टोळीतल्या कुटुंबाचे या हरित विजेत काय योगदान, हे विचारायची तर पद्धतच नाही.

मग येतो भागाकार. एकूण उत्सर्जन भागिले लोकसंख्या म्हणजे दरडोई उत्सर्जन. आधी साधी अडचण. सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ५,०२,७९३ होती, साताऱ्याची १,२०,१९५. २०२१ ची जनगणना झालीच नाही. म्हणजे आज जो कुणी या शहरांचा दरडोई आकडा काढेल तो अंदाजाने भागाकार करेल. ज्यांची नोंद सर्वात कच्ची ते भाड्याच्या खोलीत राहणारे, बांधकामावरचे, हंगामी मजूर. ते भागाकारातून आधी गळतात.

पण खरी लबाडी सरासरीतच आहे. सांगलीतली दोन घरे कल्पून हिशोब करू. आकडे आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत, गुणांक वर दिलेले. एक घर वस्तीतले, पाच माणसांचे. महिन्याला ६० युनिट वीज, वर्षाला सहा सिलिंडर, एक दुचाकी, महिन्याला आठ लिटर पेट्रोल. वर्षाचे झाले विजेचे ५०४ किलो, गॅसचे २५२, पेट्रोलचे २२१. एकूण ९७७ किलो, माणशी १९५. दुसरे घर बंगल्याचे, चार माणसांचे. दोन एसी धरून महिन्याला ५०० युनिट, वर्षाला नऊ सिलिंडर, दोन गाड्या मिळून महिन्याला १०० लिटर पेट्रोल. वर्षाचे झाले ७,३३८ किलो, माणशी १,८३५. नऊ पटींहून जास्त फरक. यात विमानप्रवास, बंगल्याचे सिमेंट, फर्निचर काहीच धरलेले नाही. आता दोन्ही घरे एकत्र करून सरासरी काढा, माणशी ९२४ किलो. बंगल्यातला माणूस या सरासरीच्या पांघरुणात आरामात झोपतो, आणि वस्तीतल्या माणसाला सांगितले जाते की तुम्ही सर्वांनी मिळून वीस टक्के कमी करायचे आहे. कशातले कमी करायचे? साठ युनिटमधले?

हा प्रकार देशपातळीवर आधीच उघडा पडलेला आहे. २००७ मध्ये ग्रीनपीस इंडियाने 'गरिबांच्या आड लपणे' अशा अर्थाच्या नावाचा अहवाल काढला होता. त्यात देशातल्या सर्वात वरच्या उत्पन्न गटाचे माणशी उत्सर्जन सर्वात खालच्या गटाच्या साडेचार पट निघाले. जगाच्या व्यासपीठावर भारत आपले दरडोई उत्सर्जन किती कमी आहे हे अभिमानाने सांगतो, आणि ते खरेही आहे. पण ते कमी कुणामुळे आहे? ज्यांच्याकडे पंखा आहे पण फ्रिज नाही, त्यांच्यामुळे. मुंबईचा १.८ टनाचा आकडा बघतानाही लक्षात ठेवा की २०११ मध्ये त्या शहरातली चाळीस टक्क्यांहून अधिक माणसे झोपडपट्टीत राहत होती. त्यांच्या वंचनेवर शहराची सरासरी सुधारते, आणि त्याच झोपड्यांना पर्यावरणाचा प्रश्न म्हणून हटवायची भाषा होते.

आता कारणांकडे. उत्सर्जन का वाढते हे सांगायला जपानी अभ्यासक योइची काया यांचे सूत्र जगभर वापरतात. लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नाच्या एककामागे लागणारी ऊर्जा आणि ऊर्जेच्या एककामागे निघणारा कार्बन, या चार गोष्टींचा गुणाकार. सूत्रात चूक नाही, चारही घटक खरे आहेत. पण वर्तमानपत्रात, भाषणात, कॉलेजच्या निबंध स्पर्धेत या चारांतला कोणता घटक पहिला येतो? लोकसंख्या! 'वाढती लोकसंख्या आणि शहरांकडे लोंढे' हे शब्द जोडीनेच येतात. लोंढा म्हणजे कोण, हे आपल्याला कळते. जत-आटपाडीहून सांगलीला, माण-खटावहून साताऱ्याला कामासाठी आलेली आपलीच माणसे.

इथे आपल्या चळवळीची बाजू स्पष्ट असायला हवी. बाबासाहेबांनी १९१८ च्या लहान शेतजमिनींवरच्या निबंधातच मांडले होते की शेतीवर पोसली जाणारी जादा माणसे उद्योगांत गेल्याशिवाय शेतीचाही प्रश्न सुटणार नाही. ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतल्या भाषणात त्यांनी खेड्याच्या गोडव्यांचा समाचार घेतला. आणि मजूरमंत्री असताना, २५ ऑक्टोबर १९४३ ला वीजविकासाच्या धोरण समितीपुढे बोलताना, स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय या देशाची गरिबी हटत नाही, अशी मांडणी केली. आपल्यासाठी शहर म्हणजे पाणवठ्यावरची हाकाटी नसलेली जागा. नावाच्या पुढचे आडनाव लोकल गाडीत कुणी विचारत नाही, निदान रोज तरी नाही. त्यामुळे 'शहरीकरण हेच उत्सर्जनाचे कारण' असे कुणी म्हणाला तर आपण मान डोलवायची नाही. दाटीने राहणारा, लहान घरात राहणारा, चालत किंवा बसने कामाला जाणारा शहरी कामगार या सूत्रात सर्वात स्वस्तात बसतो. महाग पडते ते शहराबाहेर पसरत जाणारे प्लॉटिंग, दोन माणसांसाठी चार खोल्या, प्रत्येकाला वेगळी गाडी.

वाहतुकीचे उदाहरण घेऊ. पेट्रोलवर चालणारी मोटार लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर किलोमीटरला सुमारे १५० ग्रॅम कार्बन. दुचाकी ४५ देत असेल तर सुमारे ५० ग्रॅम. चाळीस माणसे भरलेली, लिटरला साडेचार किलोमीटर देणारी एसटी माणशी १५ ग्रॅम. सांगली-मिरज रस्त्यावर उभे राहून काय वाढते आहे ते डोळ्यांनी मोजा. ऑक्टोबर २०२१ पासून एसटीचा जो लांबलेला संप झाला, त्यात ज्या पोरांनी कर्ज काढून दुचाकी घेतली, त्यांपैकी किती जण परत पासवर आले? बस वेळेवर नसेल तर पोरगा दुचाकीच घेणार. त्याच्या हप्त्याला आणि धुराला त्याची 'जीवनशैली' जबाबदार धरायची का? 'आपला वैयक्तिक कार्बन ठसा मोजा' ही कल्पना घरोघरी पोहोचवण्यात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा वाटा होता, ही गंमत इथेच नोंदवून ठेवतो.

आणि प्रवासाच्या साधनाला जात नसते असे म्हणणाऱ्यांसाठी साताऱ्याइतके योग्य ठिकाण नाही. १९०१ साली याच साताऱ्याहून भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला खटाव तालुक्यातल्या गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, या अटीवर बैलगाडी मिळाली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. सार्वजनिक वाहन हा आपल्यासाठी कार्बनच्या आधी समतेचा प्रश्न आहे. सुदैवाने दोन्हीचे उत्तर एकच निघते, भरपूर एसटी आणि स्वस्त पास. ही मागणी घेऊन हवामानवाल्यांबरोबर उभे राहायला आम्हाला काहीच अडचण नाही.

पाण्याचाही एक मुद्दा आहे. साताऱ्याला कासचे पाणी उताराने येते, त्याला वीज जवळपास लागत नाही. उरमोडीवरच्या शहापूर योजनेचे पाणी उपसून आणावे लागते. सांगली कृष्णेतून उपसते. म्हणजे शहराचे उत्सर्जन भूगोलानेही ठरते, सगळेच वागणुकीवर ढकलता येत नाही. यावर एवढेच.

कचऱ्याबद्दल मात्र जास्त बोलावे लागेल. साताऱ्याचा सोनगावचा डेपो, सांगलीचा समडोळी रोडचा, मिरजेचा बेडग रोडचा. ओला कचरा ढिगात दबला की हवेविना कुजतो आणि मिथेन निघतो. डेपोला आग लागली की आणखी वेगळे विष. हे मोजायचे सूत्र आहे, त्यात किती टन कचरा आला, त्यात ओला किती, ढीग किती उंच, हे सगळे विचारतात. तो कचरा उचलला कुणी, हे विचारत नाहीत. भंगार वेचणारी बाई रोज जेवढे प्लास्टिक, पुठ्ठा, लोखंड वेगळे काढते तेवढे नवे बनवायची ऊर्जा वाचते, तेवढा ढीग कमी होतो. तिने वाचवलेला कार्बन शहराच्या खात्यात जमा होतो आणि पुरस्कार शहराला मिळतो. तिला हातमोजेसुद्धा मिळत नाहीत. सफाई कामगार कोणत्या जातींतून येतात हे आपल्याला आकडेवारीशिवाय माहीत आहे.

सेप्टिक टाकीचे तर आणखी क्रूर. टाकीत साठलेल्या मैल्यातून मिथेन निघतो, तो आता शहरांच्या हिशोबात धरतात. त्याच टाकीतल्या वायूने माणूस गुदमरून मरतो तेव्हा तो आकडा हवामान आराखड्यात नसतो. २०१३ चा हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा आहे, २० ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी ३० लाखांची भरपाई ठरवून दिली आहे, तरी माणसे उतरवली जातात. सांगलीत शेरीनाल्याचे सांडपाणी कृष्णेत मिसळते, यावर कित्येक निवडणुका लढल्या गेल्या. आमचे म्हणणे असे की मलनिस्सारणाचा कार्बन मोजायला बसलात तर त्याच तक्त्यात यंत्राने साफ होणाऱ्या टाक्या किती आणि माणूस उतरवून साफ होणाऱ्या किती, हाही रकाना घाला.

आता उपायांच्या बाजूला काय चालले आहे तेही पाहू, कारण फसवणूक बऱ्याचदा उपायांत असते. सातारा जिल्हा तसा 'हरित' विजेचा जिल्हा. कोयनेचा १,९६० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प इथला, वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या इथल्या. पण वीज ग्रिडमध्ये जाते आणि देशभराची सरासरी लागू होते, त्यामुळे पाटणच्या माणसाने लावलेल्या दिव्यावरही कोळशाचा तोच गुणांक बसतो. धरणात घरदार गेलेल्या कोयनेच्या विस्थापितांच्या पुढच्या पिढ्या पुनर्वसनासाठी आंदोलने करत राहिल्या, त्यांच्या त्यागाचा गुणांक अजून कुणी काढलेला नाही. आता सौरऊर्जेची पाळी आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी सरकारी जमिनी दिल्या जात आहेत, त्यात गायराने आहेत. गायरान म्हटले की आपल्याला दादासाहेब गायकवाडांचा १९५९ आणि १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आठवला पाहिजे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायची होती, आणि कित्येक कुटुंबांचा सातबारा अजून झालेला नाही. तीच जमीन 'पडीक' म्हणून सौर कंपनीला गेली तर शहराच्या विजेचा कार्बन कमी होईल, आणि भूमिहीनाची शेवटची आशाही. आम्ही सौरऊर्जेच्या विरोधात नाही. आधी कसणाऱ्याचे नाव लावा, मग त्याच्याशी भाडेकरार करा. पॅनेलखालच्या जमिनीचे भाडे भूमिहीनाच्या घरात आले तर आम्हीच उद्घाटनाला हार घेऊन येऊ.

काही मित्र म्हणतील, कार्बनला कशाला जात चिकटवता? कार्बनच्या अणूला जात नाही हे आम्हालाही शाळेत शिकवले आहे. पण घर किती मोठे, गाडी आहे की नाही, काम कचऱ्यात आहे की कार्यालयात, हे या देशात जातीवरून बऱ्यापैकी सांगता येते. आणि उत्सर्जन याच गोष्टींनी ठरते. पुराने कोण बुडते तेही यानेच ठरते. सांगलीत आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, जुलै २०२१ मध्ये पुन्हा शहरात शिरले. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर, कर्नाळ रोड ही नावे दर पावसाळ्यात बातम्यांत पहिली येतात. त्याच जुलैत पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळेवर दरडी कोसळल्या. प्रत्येक पूर हवामान बदलानेच आला असे आम्ही म्हणत नाही. धरणांचे पाणी सोडण्याचे वेळापत्रक आणि नदीपात्रातली बांधकामे यांचाही हिशोब आहे. पण अतिवृष्टी वाढेल असे शास्त्रज्ञ सांगतात, तेव्हा सर्वात कमी धूर काढणारी घरे सर्वात आधी पाण्यात जातात, एवढे तरी उघड आहे.

मग करायचे काय? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७अ प्रमाणे महापालिका आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराचा पर्यावरण स्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. सांगली महापालिकेला हे लागू आहे. मागच्या पाच वर्षांचे अहवाल माहिती अधिकारात मागा. त्यात वीज, इंधन, कचरा, सांडपाणी यांचे आकडे प्रभागवार आहेत की शहराचा एकच ढीग केला आहे, ते पाहा. सातारा नगरपालिकेला हे कलम लागू नाही, पण माझी वसुंधरासाठी पालिकेने शासनाला जी माहिती भरून पाठवली ती सार्वजनिक कागद आहे, ती मागता येते. महावितरणकडे घरगुती ग्राहकांची स्लॅबवार संख्या असते, शंभर युनिटच्या आत किती आणि पाचशेच्या वर किती. वर केलेला दोन घरांचा हिशोब मग उदाहरण राहणार नाही, शहराचा हिशोब होईल.

जनगणनेतही आपल्या कामाचे बरेच आहे. २०११ च्या घरयादीत स्वयंपाकाचे इंधन, दिव्याचे साधन, दुचाकी, मोटार यांची माहिती अनुसूचित जातींच्या कुटुंबांसाठी वेगळ्या तक्त्यांत दिली आहे, आणि हे तक्ते मोफत उपलब्ध आहेत. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल घेऊन एमए करणाऱ्या आपल्या मुलामुलींना प्रबंधाचा विषय सापडत नाही अशी तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. हा घ्या विषय. सातारा आणि सांगली जिल्ह्यांचे तक्ते घ्या, इंधनाला गुणांक लावा आणि कोणत्या समाजाचे घर किती कार्बन काढते ते मांडा. २०२७ च्या जनगणनेत जातनोंद होणार आहे. तेव्हा हे काम ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांपर्यंत नेता येईल, पण पद्धत आजच बसवून ठेवली तर.

शहरातल्या प्रत्येक विहारात पाच जणांचा गट आणि वस्तीतल्या पन्नास घरांची वीजबिले, एवढ्यावर सुरुवात होते. बिलावर युनिट लिहिलेले असतात. सिलिंडर किती आले ते गॅसच्या पुस्तकात असते. चूल पेटते का, किती दिवस, हे बाईला विचारायचे, पुरुषाला नाही. पुरात घर बुडाले होते का आणि पंचनामा झाला का, हा प्रश्नही त्याच कागदावर छापून घ्या. ३१ जुलैला सभागृहात अहवाल येईल तेव्हा आपल्या नगरसेवकाच्या हातात आपला कागद असला पाहिजे.